जुन्या गो-कार्टचे स्पेअर: १ इंची ॲक्सल, ३५ नंबर चेन, केटी१०० इंजिन. मुंबईत काय मिळेल, काय बनवून घ्यावं लागेल?

स्टब_ॲक्सल (प्रश्न)

मंडळी, एक जुनी कार्ट पुन्हा चालती करायची आहे. चॅसिसवर नामपट्टी नाही, पण बोल्ट सगळे इंची. त्यामुळे अमेरिकन बनावटीची धरून चाललोय. इंजिन यामाहा केटी१००. आतापर्यंत मोजलेलं असं:

मागचा ॲक्सल भरीव, टोकांना २५.३७ मिमी, बेअरिंग बसतं तिथे २५.२ पर्यंत खाल्लेला. मागची बेअरिंगं जाम आहेत, नंबर पुसलाय, बाहेरचा व्यास ५२ आणि बाहेरची रिंग चेंडूसारखी गोलसर. पुढचे स्टब (पुढच्या चाकांचे आखूड ॲक्सल) १५.८५, व्हील बेअरिंग बाहेरून ३५ च्या आसपास. चेनची पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) साडेनऊ मिमी, मागचा स्प्रॉकेट ६० दाती आणि दात हुकासारखे वाकडे झिजलेत. ब्रेक हायड्रॉलिक, कॅलिपरचे पिस्टन अडकलेले. कार्ब्युरेटर वॉल्ब्रो डब्ल्यूबी-३ए, आतले डायाफ्राम पापडासारखे कडक. चाकं ५ इंची, दोन तुकडे बोल्टने जोडलेली, जागोजागी पांढरी पावडर.

एका दुकानात सल्ला मिळाला की २५ चं बेअरिंग घ्या आणि ॲक्सल लेथवर थोडा उतरवा, चेन ०६बी चालून जाईल, पिस्टन आरएक्स१०० चा बघा. तिन्ही गोष्टी पटत नाहीत, पण का ते नेमकं सांगता येत नाहीये. बाहेरून काय मागवावं आणि इथे काय जमेल?

लेथवरचा_माणूस

न पटणं बरोबर आहे. आधी ॲक्सल. २५ चं बेअरिंग फक्त त्याच्या जागेवर उतरवून बसणार नाही, कारण ते टोकाकडून सरकवायचं असतं आणि टोकाला २५.४ आहे. म्हणजे टोकापासून आतपर्यंत सगळाच ॲक्सल उतरवावा लागेल. मग चाकांचे हब, स्प्रॉकेटचा हब, डिस्कचा हब, सगळे एक इंची बोअरचे, ते प्रत्येकी ०.४ मिमी ढिले होणार. बेअरिंगचे थोडे पैसे वाचवायला चार-पाच हब बाद करायचे, असला हा हिशेब.

मागायचं बेअरिंग यूसी २०५-१६. शेवटचे १६ म्हणजे सोळा भाग सोळा, पूर्ण एक इंच. नुसतं "यूसी २०५" म्हटलं की काउंटरवर २५ मिमीचंच येतं. बाहेरून दोन्ही ५२ मिमी, दिसायला जुळी भावंडं, म्हणून दुकानातच बोअरला व्हर्नियर लावा. कार्टचे जुने पत्र्याचे फ्लँज वाकले नसतील तर तेच वापरा, बाहेरची गोल रिंग त्यातच बसते. बसवताना फ्लँजचे बोल्ट ढिले ठेवून ॲक्सल हाताने फिरवा आणि फिरवत फिरवतच थोडे थोडे आवळा. एकदम आवळले की बेअरिंग तिरकं अडकतं आणि ॲक्सल जड फिरतो. बेअरिंगच्या आतल्या रिंगमधला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) जिथे टेकतो तिथे ॲक्सलवर कानसने छोटा सपाट भाग काढा आणि लॉकटाइट २४३ लावा. कार्टला सस्पेन्शन नसतं, सगळे हादरे थेट या स्क्रूवर येतात.

तुमचा ॲक्सल मात्र गेला. बेअरिंगखाली ०.२ कमी झालेला ॲक्सल नव्या बेअरिंगलाही तसाच खाणार. वेल्डिंगने भरून पुन्हा टर्न करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. भरलेल्या जागेच्या कडेला तडा जातो आणि मागचं चाक ॲक्सलच्या तुकड्यासकट निघून येतं. ईएन८ (साधं मध्यम कार्बनचं पोलाद) चा ब्राइट बार स्वस्त आहे, पण कार्ट कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, एकदा चढली की वाकतो. ईएन१९ (मिश्र पोलाद) हार्डन-टेंपर केलेला घ्या, तो २५.३८ ते २५.४० मध्ये ग्राइंड करून घ्या आणि दोन सेंटरमध्ये धरून डायल लावून सरळपणा तपासा.

चावीच्या खाचेकडे लक्ष द्या. एक इंची ॲक्सलला चावी पाव इंचाची, ६.३५ मिमी. मिमीच्या जगात २५ च्या शाफ्टला ८ ची चावी असते, त्यामुळे टर्नर सवयीने ८ चा कटर लावतो. ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात लिहा, तोंडी सांगून भागत नाही. खाचेचे तळातले कोपरे धारदार सोडू नका, तडा तिथूनच सुरू होतो.

पुढचा स्टब पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे १५.८७५. तुमचे १५.८५ ठीक आहेत. खरी गंमत बाहेरच्या व्यासात आहे. ६२०२-१० नावाचं बेअरिंग मिळतं: आत १५.८७५, बाहेर ३५, जाडी ११. आणि अमेरिकन कार्टला सहसा असतं ते ९९५०२: आत तेवढंच, पण बाहेर ३४.९२५. फरक पाऊण दशांश मिमीचा. व्हर्नियरवर दोन्ही "३५" दिसतात. ३४.९२ च्या हबमध्ये ३५ चं ठोकलंत तर एकतर हबला चीर जाईल, नाहीतर बाहेरची रिंग दाबली जाऊन गोळ्यांची मोकळीक संपेल आणि बेअरिंग तापेल. जुनं बेअरिंग काढून हबचा बोअर टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटरने मोजा, मग ठरवा.

चेन. ०६बी आणि ३५ नंबर, दोन्हींची पिच ९.५२५, म्हणजे तीन सूत. साम्य तिथेच संपतं. ०६बी मध्ये फिरता रोलर असतो, व्यास ६.३५. ३५ नंबरमध्ये रोलर नसतोच, नुसता बुश, व्यास ५.०८. तुमच्या स्प्रॉकेटच्या दातांमधली बैठक ५.०८ ला कापलेली आहे, ०६बी चा रोलर त्यात तळापर्यंत जाणार नाही. चेन वर तरंगत चालते, जोर आला की दात ओलांडते. औद्योगिक चेनच्या दुकानात "३५ नंबर, बिनरोलरची" असं मागा, काही ठिकाणी हीच ०६सी नावाने मिळते.

स्प्रॉकेट लेझरवर कापून घेता येईल. ६० दातांना पिच सर्कल १८२.०० मिमी, तळाचा व्यास १७६.९२. प्लेट मात्र ५ ची घेऊ नका. चेनच्या आतली रुंदी जेमतेम ४.७७ आहे, ५ ची प्लेट शिरणारच नाही. ४.२ च्या आसपास उतरवा आणि दातांच्या दोन्ही बाजूंना निमुळती धार काढा. ॲल्युमिनियममध्ये करणार असाल तर ७०७५. ६०६१ मऊ पडतं. इंजिनकडचा स्प्रॉकेटही सोबतच बदला, झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर संपते.

दोन_ठोके

इंजिनचं मी सांगतो.

आरएक्स१०० चा सल्ला नावावरून आलाय. दोन्ही यामाहा, दोन्ही शंभरच्या घरातली. पण आरएक्स१०० चा बोअर ५० आणि स्ट्रोक ५०, केटी१०० चा बोअर ५२ आणि स्ट्रोक ४६. आरएक्सचा पिस्टन १ मिमी ओव्हरसाइज घेतला तरी ५१ वरच थांबतो. शिवाय आरएक्स रीड व्हॉल्व्हची (इनटेकवर पात्यांची झडप) आणि केटी१०० पिस्टन-पोर्ट, म्हणजे पिस्टनचा स्कर्टच इनटेक उघडतो आणि मिटतो. स्कर्टची उंची बदलली की इंजिनचं टायमिंगच बदललं. तो विषय सोडा.

दिलासा हा की केटी१०० चे पिस्टन, रिंग, कनेक्टिंग रॉड, गॅस्केट परदेशात आजही नवे बनतात. मागवण्याआधी सिलिंडर मोजा: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक जागी दोन आडव्या-उभ्या दिशांना, बोअर गेजने. पिस्टन बारीक बारीक टप्प्यांत येतात, त्यामुळे "५२ चा एक द्या" अशी ऑर्डर वाया जाते. लायनर बिडाचा आहे, बाइकचं बोअरिंग करणारा कुणीही तो करू शकतो. पण पिस्टन हातात आल्यावर त्या पिस्टनच्या मापाला बोअर करायचं, उलटं नाही. होनिंग झालं की पोर्टच्या कडांची धार हाताने मोडा. बाइकवाले घाईत ही पायरी गाळतात आणि रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते.

कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाला उभी चाल लागत असेल तर रॉड-किट बदलावं लागेल. आरएक्सचे क्रँक पंच करणारे कारागीर हे काम प्रेसवर करून देतात, फक्त किट केटी१०० चं द्या. परत घेताना व्ही-ब्लॉकवर डायल लावून दोन्ही टोकांचा रनआउट (फिरताना किती डोलतं ते) समोर बघा. ०.०३ च्या वर असेल तर तिथेच परत द्या.

क्रँकची बेअरिंगं आणि ऑइल सील मुंबईत मिळतात. बेअरिंगचा नंबर जुन्यावरून पूर्ण उतरवा, शेपटीसकट. सी३ किंवा सी४ लिहिलं असेल तर तेच हवं, साध्या क्लिअरन्सचं बेअरिंग गरम क्रँककेसमध्ये घट्ट होतं. सीलवर तीन आकडे असतात: शाफ्ट, बाहेरचा व्यास, जाडी. तेच सांगा आणि व्हायटॉन (इथेनॉल सोसणारं रबर) मागा. काळं नायट्राइल देतील, पण आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे.

इथेनॉलचा त्रास मुंबईत जास्त. पावसाळी हवेतलं पाणी ते ओढून घेतं, मग टाकीत दोन थर होतात. खालच्या थरात पाणी आणि अल्कोहोल, टू-टी ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनला बिनऑइलचा माल जातो. मिश्रण लागेल तेवढंच करा, २०:१ म्हणजे लिटरला ५० मिली, आणि दिवस संपला की टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवा. मत्स्यालयाची पारदर्शक नळी लावू नका, कडक होऊन नोझलवरून सुटते.

डब्ल्यूबी-३ए चं किट बाहेरूनच मागवा. ग्रासकटर आणि चेन-सॉच्या दुकानांत वॉल्ब्रोसारखी किटं असतात, पण भोकांची मांडणी आणि मीटरिंग लिव्हरची उंची वेगळी निघते. पिस्टन, रिंग, गॅस्केट, कार्ब्युरेटर किट असं सगळं एकाच पार्सलमध्ये घ्या, सुटं सुटं मागवलं तर मालापेक्षा कुरिअर महाग पडतं. इन्व्हॉइसवर प्रत्येक भागाचं नाव स्वच्छ लिहायला सांगा. नुसतं "पार्ट्स" लिहिलेलं पार्सल कस्टमला रखडतं.

मशीदबंदर_लोकल

कुठे जायचं ते थोडक्यात. बेअरिंग, चेन, ऑइल सील, ओ-रिंग, इंची बोल्ट: नागदेवी स्ट्रीट. मशीद बंदर स्टेशनवरून चालत. रविवारी बंद. नमुना हातात नेलात तर काम होतं, फोटो दाखवून माल मागितला की "जवळपासचा" मिळतो. पितळ, गनमेटल, ॲल्युमिनियमचा गज: गुलालवाडी, किका स्ट्रीट. बाइकचे ब्रेकचे भाग: ऑपेरा हाउस. जुनं भंगार उलथंपालथं करायचं असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. लेथ, लेझर: साकीनाक्याची खैराणी रोड, नाहीतर नवी मुंबईत रबाळे.

बोल्टच्या बाबतीत दोन सापळे. अमेरिकन "ग्रेड ८" म्हणजे आपला ८.८ नव्हे. डोक्यावर सहा रेघा असतील तो ग्रेड ८, त्याच्या बरोबरीचा मेट्रिक बोल्ट १०.९. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, तो ८.८ च्या जवळचा. नाहीतर किंगपिनला (पुढचा स्टब जिच्यावर वळतो ती पिन) चुकून ८.८ घालाल.

दुसरा, टाय-रॉडची टोकं. अडीच सुताचा, २४ आट्यांचा धागा ७.९४ मिमी, त्यावर एम८ चं बारीक आट्यांचं टोक दोन-तीन फेरे छान चढतं आणि मग अडतं. लोक पाना लावून पुढे रेटतात. आटे कापले जातात, स्टिअरिंग वर्कशॉपमध्ये ठीक वाटतं, ट्रॅकवर टोक निसटतं. अडीच सुताचा रॉड-एंड मिळाला नाही तर दोन्ही टोकं आणि मधला रॉड पूर्ण एम८ मध्ये नवा करा, एक उजव्या आट्यांचा, एक डाव्या. अर्धं इंची अर्धं मेट्रिक ठेवू नका.

पावडरकोट

चॅसिस आणि चाकं एकदमच सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला द्या की. कळंबोलीत, रबाळेत पाहिजे तेवढे आहेत. एका दमात काम.

लेथवरचा_माणूस

चाकं अजिबात नको. पांढरी पावडर बघून मॅग्नेशियमचा संशय आहे. रंग खरवडून उघड्या धातूवर व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम शांत बसतं. मॅग्नेशियमची धूळ पेटते, आणि पेटली की पाणी टाकून भडकते. पूर्ण कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीची (क्लास डी) पावडर टाका. पोलादाचं काम चालतं त्याच ब्लास्टिंगच्या खोलीत ते टाकलं तर धातूत लोखंडाचे कण रुततात आणि समुद्री हवेत गंज जास्त वेगाने पुन्हा सुरू होतो. ॲसिडच्या टाकीत तर चाकच विरघळेल. रंग रिमूव्हरने काढा, नायलॉनच्या ब्रशने हाताने घासा, इपॉक्सी प्रायमर मारा. पोलादी बोल्टखाली ॲल्युमिनियमचा वॉशर घाला, पोलाद मॅग्नेशियमला थेट भिडू देऊ नका. खड्डे खोल असतील किंवा बोल्टच्या भोकाजवळ चीर दिसली तर ते चाक भिंतीवर टांगायचं, गाडीला नाही.

आणि दोन तुकडे जोडणारे बोल्ट सोडण्याआधी हवा पूर्ण काढा, व्हॉल्व्हची सुई बाहेर काढून. टायरमध्ये हवा असताना शेवटचा बोल्ट सुटला की अर्धं चाक तोंडावर येतं.

टायरची मापं पुढे १०×४.५०-५, मागे ११×७.१०-५. ही आजही चालू मापं आहेत. हातगाडीचे ४ इंची टायर कुणी दाखवेल, ते वेगासाठी नाहीत. कोल्हापूर आणि कोइंबतूरकडे कार्टिंग जोरात आहे, टायरसाठी तिकडे विचारा.

चॅसिसला पावडर कोटिंग चालेल, पण त्याआधी सगळे जोड डाय पेनिट्रंटने तपासा: लाल फवारा, पुसणं, मग पांढरा डेव्हलपर. पावडरचा थर जाड असतो, त्याखाली चीर वर्षभर लपून राहते. जोडाला पिवळसर झाक दिसली तर तो पितळेच्या सळईने ब्रेझ केलेला आहे. त्यावर मिग किंवा आर्क वेल्डिंग मारू नका, वितळलेलं तांबं पोलादाच्या कणांमध्ये शिरतं आणि जोड शेजारूनच तडकतो. पितळ पूर्ण काढा, नाहीतर पुन्हा ब्रेझच करा. पाइप बदलायचा असेल तर एनबी (नॉमिनल बोअर, पाइपचं नावापुरतं माप) मापात घेऊ नका, २५ एनबी बाहेरून ३३.७ असतो. बाहेरचा व्यास आणि जाडी सांगून सीमलेस ट्यूब मागा.

किंगपिन, स्टब, स्टिअरिंगचे बोल्ट झिंक प्लेटिंगला देऊ नका. प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि बोल्ट काहीच न सांगता तुटतो.

दोन_ठोके

ब्रेकचं राहिलं. पिस्टन पकडीने ओढू नका, ओरखडा आला की सील गळणारच. ब्रेकच्याच मास्टर सिलिंडरने तेल दाबून बाहेर काढा. रबर मागताना ईपीडीएम म्हणा. ओ-रिंगच्या दुकानात काही न बोलता नायट्राइल मिळतं, ते डॉट ३/डॉट ४ मध्ये फुगतं आणि पिस्टन पुन्हा अडकतो. खात्री करायची तर रिंगचा तुकडा कापून रात्रभर ब्रेक ऑइलमध्ये ठेवा, सकाळी मोजा. सिस्टिमवर मिनरल ऑइल लिहिलेलं असेल तर मात्र उलट: तिथे नायट्राइल हवं, ईपीडीएम फुगेल.

स्टब_ॲक्सल

सगळ्यांचे आभार. चाकं मॅग्नेशियमचीच निघाली, व्हिनेगर फसफसलं. पुढच्या हबचा बोअर ३४.९१. स्प्रॉकेट हबला सहा भोकं, पीसीडी (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १३३.३. इंजिन उघडण्याआधी क्रँककेस गळतंय का ते घरच्या घरी बघता येईल का?

लेथवरचा_माणूस

३४.९१ म्हणजे ९९५०२, नाहीतर आर१० (तेच दोन व्यास, फक्त जाडी कमी, तेवढा स्पेसर घाला). ६२०२-१० नको. १३३.३ म्हणजे सव्वापाच इंच, अमेरिकन स्प्रॉकेटचा नेहमीचा पीसीडी. लेझरच्या ड्रॉइंगमध्ये १३३.३५ टाका.

दोन_ठोके

बघता येईल. एक्झॉस्टच्या तोंडाला रबर आणि पत्रा लावून बोल्टने बंद करा. कार्ब्युरेटरच्या जागी तशीच दुसरी पट्टी, त्यात टायरट्यूबचा व्हॉल्व्ह, सुई काढलेला. प्लग घट्ट, पिस्टन तळाशी. त्या व्हॉल्व्हला बीपी मोजायच्या घड्याळाच्या यंत्राचं गेज आणि फुगा जोडा. ते पाऱ्याच्या ३०० मिमीपर्यंतच दाखवतं, तेवढं पुरतं: २६० म्हणजे ५ पीएसआय. तिथपर्यंत भरा आणि मिनिटभर बघा. काटा ५० पेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. जास्त भरू नका, सीलच बाहेर येईल.

मग साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. आधी स्वतःच लावलेले पत्रे आणि व्हॉल्व्हचा बुडखा, निम्म्या वेळा बुडबुडे तिथेच येतात. त्यानंतर सिलिंडरखालचं गॅस्केट, क्रँककेसचा मधला जोड, शेवटी दोन्ही सील. फ्लायव्हीलकडच्या सीलसाठी फ्लायव्हील काढावं लागेल, पुलर लावून. मागून हातोडा मारलात तर क्रँकचा रनआउट बिघडतो. सीलच्या ओठाजवळ बुडबुडे दिसले तर क्रँक हळूहळू फिरवून बघा. एकाच जागी बुडबुडे वाढत असतील तर शाफ्टवर खोबण पडलीय, नवा सील त्याच रेषेवर न बसवता मिलिमीटरभर आत किंवा बाहेर बसवा.